गिरगाव ते उत्तन : एका निवांत किनाऱ्याचा शोध

मे महिन्याच्या सुट्टीला अजून थोडा अवकाश होता. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी साक्रिस्तीतून बाहेर येत असता आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी दोन मुलांना घेऊन पायरीशी थांबल्या. "फादर, मुलांना एकदा समुद्रावर न्यायचं आहे. पण गर्दी नको, घाण नको, पाणी खोल नको. कुटुंबाने दोन घटका निवांत बसावं असा एखादा किनारा सांगा ना!" मी उत्तर शोधीत होतो, तोच शेजारी काठी टेकून उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, "अगं पोरी, समुद्र आपल्या दारातच होता. आपण त्याला सोडून लांब गेलो की तो आपल्याला सोडून गेला, एवढं मात्र फादरना विचार."

भगिनींच्या प्रश्नाला मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. आजोबांचा प्रश्न मात्र माझ्यासोबत घरी आला. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना आज एका शांत किनाऱ्यासाठी दोन गाड्या आणि एक तर ओलांडून जावे लागते. असे का झाले, याचा मागोवा घेण्याचा हा एक अल्प प्रयत्न आहे.

मुंबई हे मूळचे एक बेट नव्हे. मुंबई, माझगाव, परळ, माहीम, वरळी, कुलाबा आणि लहान कुलाबा अशी ती सात बेटे. इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या वसईच्या तहान्वये ती पोर्तुगीजांकडे आली. इ. स. १६६१ च्या विवाहकराराने ती इंग्लंडच्या राजाला देऊ करण्यात आली. प्रत्यक्ष ताबा मिळण्यास १६६५ साल उजाडले आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. त्या करारात येथील कॅथलिक प्रजेच्या धर्मस्वातंत्र्याची हमी दिलेली होती, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. परंतु ही प्रजा होती कोण? मासे मारणारे कोळी, माडाची ताडी काढणारे भंडारी, भातशेती आणि बागायती करणारे कुणबी यांतूनच ती आलेली होती. पुढे १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात यांपैकी अनेकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. पण नाव बदलण्यापूर्वी आणि नंतरही त्यांचे पाय वाळूत आणि चिखलातच होते.

या लोकांपाशी 'बीच' ही कल्पनाच नव्हती. किनारा म्हणजे जाळी सुकविण्याची, होड्या ओढून ठेवण्याची, माडांना आळी करण्याची जागा. दादरचे आपले साल्वासांव, म्हणजे तारणमाउलीचे मंदिर, फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ साली उभारले, तेव्हा त्याच्या सभोवती माडांच्या दाट वाड्या होत्या. आज ज्या चौकाला बसवाहकही 'पोर्तुगीज चर्च' म्हणून हाक देतात, तेथून समुद्र आजही पायी पंधरा मिनिटांच्या टप्प्यात आहे. (सध्याची वास्तू चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार १९७० च्या दशकात बांधलेली आहे.) गिरगावची कथाही तशीच. फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट ही नावे नुसती मोठ्याने वाचली तरी तेथे पूर्वी काय पिकत होते ते कळते. खोताच्या वाडीतील आपल्या बांधवांची लाकडी सज्जांची घरे ही त्या वाड्यांची अखेरची खूण. या घरांतील लोक हवा खाण्यासाठी समुद्रावर जात नसत. हवाच त्यांच्या घरी येत असे.

ही हवा प्रथम अडली ती लोहमार्गाने. इ. स. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत गाडी धावू लागली. गिरगावच्या पश्चिमेस हा मार्ग किनाऱ्याच्या कडेकडेनेच टाकण्यात आला आणि गाव व समुद्र यांच्यामध्ये रुळांची रेघ आली. चंदनवाडी आणि सोनापूर येथील स्मशाने व दफनभूमी पूर्वी समुद्रालगत होती, हे आज तेथे उभे राहून कोणास खरे वाटणार नाही. पुढे १९२० च्या दशकात बॅकबेची मोठी भरणी झाली, मरीन ड्राइव्हचा रस्ता झाला, आणि गिरगावकरांच्या वाट्याला वाळूचा एक तुकडा उरला. तीच आपली चौपाटी. हा तुकडाही आता एका गावाचा राहिला नव्हता. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले आणि याच वाळूवर त्यांना अग्नी देण्यात आला. तेव्हापासून गिरगावची चौपाटी साऱ्या महाराष्ट्राची झाली. अनंत चतुर्दशीला लालबागचे गणपती येथे येतात, तेव्हा त्यांच्यामागून सारे लालबाग आणि परळ चालत येते.

दादरची वाळू काही काळ अधिक शांत राहिली. पण १८९६ साली मांडवीत प्लेगचा उद्रेक झाला आणि दाट वस्तीची धास्ती घेतलेल्या सरकारने १८९८ मध्ये शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन केला. दाटी हटवावयाची तर लोकांना उत्तरेकडे जागा हवी. दादर, माटुंगा, वडाळा येथील शेते आणि वाड्या मोजल्या गेल्या, रस्ते आखले गेले, माड तोडले गेले. १९२५ साली शिवाजी पार्कचे मैदान लोकांसाठी खुले झाले. नव्या इमारतींमध्ये नवे मध्यमवर्गीय लोक आले, आणि संध्याकाळी समुद्रावर 'फिरावयास जाणे' हा त्यांच्याबरोबर आलेला नवा रिवाज. याचा अर्थ असा की, दादरच्या ज्या शांत किनाऱ्याची आठवण आज आपण काढतो, तो आपल्या पूर्वजांचा किनारा नव्हेच. माड गेल्यानंतर आणि गर्दी येण्यापूर्वी मध्ये जी चाळीस-पन्नास वर्षे गेली, त्यांची ती आठवण आहे.

माझी स्वतःची आठवण त्याहून अलीकडची. माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते आणि आम्ही लालबागला चाळीत राहत होतो. आई उत्तनची, कोळ्याघरची. आमच्या खोलीत समुद्र कोठूनही दिसत नसे, परंतु आईच्या डोक्यात तो अष्टौप्रहर चालू असे. तिथीच्या आकड्याला पाऊण पट करावे म्हणजे भरतीचा तास निघतो, हे गणित मला शाळेच्या आधी तिने शिकविले. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, आणि अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास. भरती आणि ओहोटी यांच्यात सहा तासांचे अंतर. तेव्हा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, सकाळी सहा-साडेसहाला पाणी सर्वांत दूर गेलेले असते आणि वाळू सर्वांत रुंद असते. उलट अष्टमीच्या भांगाला पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. पंचांग भिंतीवर होतेच. ज्या रविवारी हिशेब जुळे त्या रविवारी पहाटेची मिस्सा ऐकून आम्ही पाच जण लालबागहून दादरच्या समुद्राकडे चालू लागत असू. तासाभराची ती चाल. बरोबर चपात्या, बटाट्याची भाजी आणि पाण्याची बाटली. सातच्या सुमारास त्या अफाट ओल्या वाळूवर आम्ही, दोन-चार फिरणारे वृद्ध आणि काही कुत्री, एवढीच वस्ती असे. नऊ वाजता पाणी पायांशी येऊ लागले की आई चटई झटकी.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांतील एक माझे वडील. त्या वर्षी आमच्या घरी नाताळाला करंज्या झाल्या नाहीत, पण समुद्रावरचे रविवार वाढले, कारण त्याला काही लागत नव्हते. वडील वाळूत बसून पाण्याकडे पाहत राहत आणि एरवी बोलत नसलेल्या गोष्टी आईशी बोलत. एका खोलीच्या घरात नवरा-बायकोला दोन शब्द एकांतात बोलण्याची सोय नव्हती. ती सोय समुद्राने केली. शांत किनारा ही चैनीची वस्तू आहे असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा मला ते दोघे आठवतात.

आता उत्तरेकडे वळू. माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडी पूर्वी तरीने ओलांडावी लागे. १८४५ साली तेथे बंधारा-रस्ता झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख सत्तावन हजार रुपये दिले होते. त्यानंतर लोहमार्ग आला आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. ज्या रुळांनी गिरगावचा किनारा तोडला, त्याच रुळांनी दूरचे किनारे जवळ आणले, हा इतिहासातील एक विचित्र योग होय. जुहूचेच पाहा. १९२४ साली तुरुंगातून सुटल्यानंतर शस्त्रक्रियेने अशक्त झालेले महात्मा गांधी विश्रांतीसाठी जुहूला येऊन राहिले, ते तेथे शांतता होती म्हणूनच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन विमान उतरविले तेही जुहूच्याच धावपट्टीवर. तेथे निवांतपणा आहे ही वार्ता पसरली आणि त्या वार्तेनेच तो निवांतपणा संपविला. मग लोक मार्वे, अक्सा येथे जाऊ लागले. अक्साची वाळू सुंदर, परंतु तेथील प्रवाह फसवे आहेत. किती तरी घरांतील तरुण मुले तेथे बुडाली आहेत. पालकांनी ही गोष्ट कधीही विसरू नये.

अक्साच्याही पुढे, खाडीपलीकडे मनोरी, गोराई आणि उत्तन. ही आपल्याच लोकांची गावे. गोराईला तीन राजांच्या नावाचे मंदिर आहे, उत्तनला समुद्रमाउलीचे. आज शहरातील कुटुंबे 'गर्दीपासून दूर' म्हणून जे किनारे शोधतात ते हेच. माझ्या दृष्टीने तर ते आजोळ. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाची सहल मी मोठ्या हौसेने तिकडे नेली. दोन बसगाड्या, पातेली, गाण्याचे यंत्र, क्रिकेटचे साहित्य, सारे काही होते. दुपारी नात्याने माझी मावशी लागणारी एक वृद्ध कोळीण मला शोधीत आली. तिने माझा हात धरून मला वाळूच्या वरच्या अंगाला नेले. तेथे तिने जवळा वाळत घातला होता आणि आमच्या मुलांनी चेंडूमागे धावताना तो तुडविला होता. ती रागावली नाही. "तू आमचाच ना रे? मग तुझ्या माणसांना एवढं कसं नाही सांगितलंस?" इतकेच ती म्हणाली. मी पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत.

त्या दिवशी आजोबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला मिळाले होते, हे आता ध्यानात येते. दादरच्या माडांच्या वाड्यांत नवे लोक फिरावयास आले, तेव्हा तेथील भंडाऱ्यांना आणि आपल्या पूर्वजांना काय वाटले असेल, ते मावशींच्या मुद्रेवर मी वाचले. आपण ज्याला निवांत किनारा म्हणतो तो कोणाचा तरी अंगणाचा भाग असतो. तेथे कोणी नाही असे आपल्याला वाटते, कारण तेथे असलेली माणसे आपण मोजलेली नसतात. गोराई-उत्तन परिसरात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र आणण्याची योजना दोन हजार सालानंतरच्या दशकात पुढे आली, तेव्हा गावकऱ्यांनी एकजुटीने विरोध केला, तो याच भावनेतून. वरळीच्या कोळी बांधवांनीही किनारी रस्त्याच्या पुलाखालून होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून खांबांमधील अंतर वाढवून मागितले आणि दीर्घ आग्रहानंतर त्यांची मागणी मान्य झाली.

उरलेले अर्धे उत्तर गर्दीविषयीचे आहे आणि ते सांगताना मला थोडा संकोच होतो. दादरच्या समुद्राविषयी बोलताना आपल्यातील काही जण ६ डिसेंबरचा उल्लेख नाक मुरडून करतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ साली त्या दिवशी दिल्लीत निवर्तले आणि ७ डिसेंबरला दादरच्या वाळूवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. आज तेथे चैत्यभूमी आहे. दरवर्षी लाखो माणसे खेड्यापाड्यांतून येतात, शिवाजी पार्कात उघड्यावर रात्र काढतात, पुस्तके विकत घेतात आणि मुकाट्याने परततात. ही माणसे हवा खाण्यास आलेली नसतात. ती एक ऋण फेडण्यास येतात. आणि आपण? १९४८ पासून दर बुधवारी माहीमच्या संत मायकलच्या मंदिरात नोव्हेनासाठी जो जनसमुदाय लोटतो, सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या यात्रेला जे रस्ते तुडुंब भरतात, त्यांना शेजारचे लोक काय म्हणत असतील? दुसऱ्याच्या दारात आपणही गर्दीच असतो. प्रभू येशू शिष्यांना घेऊन विसाव्यासाठी होडीतून एकांत स्थळी गेला, तेव्हा लोक किनाऱ्याने धावत त्याच्या आधी तेथे पोहोचले, ही शुभवर्तमानातील घटना सर्वांना माहीत आहे. एकांत हवासा वाटणे यात दोष नव्हता. तो त्यालाही हवा होता. पण समोर आलेल्या लोकांचा त्याला कळवळा आला.

याचा अर्थ दादरच्या किनाऱ्याची दुर्दशा गोड मानून घ्यावी असा मुळीच नाही. मिठी नदीतून माहीमच्या खाडीत येणारे सांडपाणी, प्रत्येक भरतीबरोबर परत येणारा प्लास्टिकचा कचरा, ठिकठिकाणी झिजत चाललेली वाळू, ही गर्दीची पापे नव्हेत. ती नियोजनाची आणि आपल्या साऱ्यांच्या बेफिकिरीची आहेत. १९९१ साली केंद्र सरकारने किनारपट्टी नियमनाची अधिसूचना काढून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामांवर निर्बंध आणले. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नियम बदलत गेले. कायदा असूनही वाळू राखण्यास शेवटी माणसेच लागतात. वर्सोव्याला २०१५ पासून अफरोज शाह यांच्या पुढाकाराने नागरिकांनी हातांनी टनावारी कचरा उचलला. दादर-माहीमलाही अलीकडच्या वर्षांत तरुण मंडळी आठवड्याच्या सुट्टीला हे काम करताना दिसतात. आपल्या धर्मग्रामातील तरुण संघटनेने त्यांत सामील होण्यास काय हरकत आहे?

त्या भगिनींना मी पुढच्या रविवारी नीट उत्तर दिले. म्हटले, "बाई, उत्तनला जरूर जा, पण पाहुणे म्हणून जा. दोन बस नकोत, गाण्याचे यंत्र नको. एखाद्या घरी सांगून ठेवा, जेवण त्यांच्याकडचेच घ्या आणि त्याचे पैसे द्या. जून ते सप्टेंबर पाण्यात पाऊल घालू नका. अक्साला मुलांना पाण्यात सोडू नका. आणि त्याआधी एकदा घराजवळच्या समुद्रावर या. पौर्णिमेच्या जवळचा रविवार मी पंचांगात पाहून ठेवतो."

त्या रविवारी पहाटेची मिस्सा झाल्यावर आम्ही सात-आठ कुटुंबे दादरच्या वाळूवर गेलो. दादरचे पाणी आज अंघोळीच्या योग्यतेचे नाही, म्हणून मुलांना पाण्याबाहेरच ठेवले. पण ओहोटीने मोकळी केलेली वाळू त्यांना पुरेशी होती. काठीवाल्या आजोबांना आम्ही घडीच्या खुर्चीत बसविले होते. माड कोठपर्यंत होते, कोणाची होडी कोठे लागत असे, हे ते काठीने दाखवीत होते आणि त्या भगिनींची धाकटी मुलगी काठी जिकडे वळेल तिकडे पाहत होती. उत्तरेला सागरी सेतूच्या तारा धुक्यात अंधुक दिसत होत्या. थोड्या अंतरावर एक कुटुंब चैत्यभूमीचे दर्शन घेऊन येऊन बसले होते; त्यांच्याकडे पाणी संपले होते, आमच्याकडे होते. पावणेनऊला पाणी वाळूच्या खालच्या रेषेला लागले. मी आईच्या गणिताप्रमाणे घड्याळ पाहिले आणि सर्वांना चटया उचलावयास सांगितले.